आबांच्या घोडीची चाल

बारामतीच्या डॉक्टरांनी सासऱ्यांच्या मणक्याचा फोटो उजेडाला धरून दाखवला आणि सांगितलं, "आबा, आता मोटारसायकल बंद. गादी सरकलीय. खड्ड्यातला एक दणका बसला तर अंथरूण धराल." आबांनी मान डोलावली. सांगवीला येईपर्यंत ते गाडीतून दोन्हीकडचा ऊस बघत होते. घरी आल्यावर चहा पिता पिता म्हणाले, "मोटारसायकल बंद म्हनाला. घोडीचं काय म्हनाला न्हाय."

आम्हाला ती चेष्टा वाटली. पण महिन्याभरानं खरोखरच एका पिकअपमधून तांबडी घोडी दारात उतरली.

आबांचं कारण सरळ होतं. आमचं घर गावाच्या कडेला आणि ऊस कालव्याच्या पलीकडं. रोज सकाळी ऊस डोळ्यांनी बघून आल्याशिवाय त्यांना भाकरी गोड लागायची नाही. पायी निघालं की दोनशे पावलांवर कळ यायची. चारचाकी कालव्याच्या पुलापर्यंत जायची, पुढच्या वाटेला फक्त ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरचे दणके मोटारसायकलपेक्षा वाईट. "रवाल चालीची घोडी असली की पाठीला कळतबी न्हाय," असं ते म्हणायचे.

रवाल म्हणजे चालण्याहून जलद आणि पळण्याहून हळू अशी चाल. एका बाजूचा मागचा पाय पडला की त्याच बाजूचा पुढचा पडतो, मग दुसऱ्या बाजूचे. घोडीची पाठ वर-खाली होत नाही, स्वार खुर्चीत बसल्यासारखा राहतो. दुडकीत तसं नाही, दुडकीत प्रत्येक पावलाला माणूस खोगिरावरून उडतो आणि आपटतो. विकणाऱ्यानं त्याच्या मैदानात घोडी रवालमध्ये चालवून दाखवली होती. आमच्याकडं ती वीसेक पावलं नीट टाकायची आणि दुडकीत पडायची. आबा पहिल्याच दिवशी ओठ दाबून खाली उतरले.

"चाल कच्ची हाय," म्हणाले. "बसवून घ्यावी लागंल."

चाल बसवायला त्यांनी बाहेरून एक माणूस आणला. तो पंधरा दिवस आमच्याकडं राहिला. घोडीचे एकेका बाजूचे पाय दोरीनं जोडून बांधायचा आणि तोंडात दातेरी कडी घालायचा. ती कडी लगामाला जोडलेली असते. लगाम ओढला की आतले दाते जिभेत रुततात. एका सकाळी मी गोठ्यात धार काढायला गेले तर घोडीच्या गव्हाणीत लाल फेस पडलेला. मी आबांना बोलावून दाखवला. आबांनी त्या माणसाला त्याच दिवशी वाटेला लावलं. कडी मात्र खुंटीवर तशीच राहिली. आणि घोडीला एक खोड लागली ती लागलीच. लगामाला हात गेला, की ती मान वर फेकायची आणि सुटायला बघायची.

आता माझं सांगते. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, कोरडवाहू बाजूचं. आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे माणसं, मेंढरं, कोंबड्या, कुत्री, सगळं कोकणाच्या बाजूला चालू लागायचं. सामान तीन बुटक्या घोड्यांवर असायचं. चौथीपर्यंत मी त्या ओझ्यावर बसून हिंडलेय. ताजी व्यालेली कोकरं जाळीत घालून माझ्या शेजारी ठेवायचे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा खालून विचारायचे, "कोकरू झोपलं का गं?" झोपलं असेल तर चाल बरोबर. ओरडायला लागलं तर अण्णा घोड्याजवळ जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवून थोडं अंतर चालायचे, आणि चाल पुन्हा लागायची. पुढं मी शाळेसाठी मावशीकडं राहिले, मेंढरंही गेली. सासरच्यांची मेंढरं तर दोन पिढ्या आधीच गेली होती आणि त्यांना त्याची आठवण काढलेली फारशी आवडायची नाही. त्यामुळं लग्नानंतर बारा वर्षांत मला घोड्यावर बसता येतं हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तो माणूस गेल्यावर मी अण्णांना फोन केला. "अण्णा, रवाल कशी बसवायची?"

ते हसले. "आमी कुठं बसवली? ओझं घेऊन चालून चालून ती आपसूक बसती." मग त्यांनी नीट सांगितलं. दोन्ही बाजूंना सारखं वजन टाक. चालीच्या वर आणि दुडकीच्या खाली, एवढ्यातच ठेव. मोडायला लागली की मारू नगंस आणि तोंडाला तर हातच लावू नगंस. "तोंड भ्यालेलं हाय तिचं. ओढलंस की पळंल. मोडायला लागली की हात सैल सोडायचा, आपुन जड बसायचं आणि हळूच हुंकार द्यायचा. ती आपसूक खाली येती."

सकाळच्या धारा झाल्या की घरातली माणसं उठून चहाला येईपर्यंत मला तासभर मोकळा मिळायचा. पहिले पंधरा दिवस घोडीला तोंडात कडी न घालता नुसत्या म्होरकीच्या दोरीनं कालव्याच्या रस्त्यानं नेली, पाठीवर दोन पोत्यांत वाळू, दोन्हीकडं सारखी. मी शेजारून भरभर चालायचे. नंतर पोती काढून मी बसले. दातेरी कडीऐवजी साधी गुळगुळीत कडी घातली आणि तीही नावालाच. दोनदा पडले. एकदा कोपर सोलवटलं, ते गोठ्यात घसरले म्हणून सांगितलं. रवालचा आवाज वेगळा असतो. दुडकीत दोन-दोन टापा एकदम पडतात, रवालमध्ये चारही वेगवेगळ्या ऐकू येतात, एकसारख्या, मध्ये फट न पडता. आधी वीस पावलांपर्यंत तशा ऐकू यायच्या, मग पन्नास. एक दिवस पुलापासून मोरीपर्यंत ती आवाज न मोडता गेली. मला तिथंच उतरून तिच्या मानेत तोंड घालावंसं वाटलं, आणि घातलंही.

परत वळले तर पुलावर आबा उभे. काठीवर दोन्ही हात ठेवून, थांबत थांबत एवढ्या लांब आलेले. मी खाली उतरले, पदर नीट केला.

"किती दिस झालं?" त्यांनी विचारलं.

"दीड महिना."

"पडलीस?"

"दोनदा."

ते घोडीच्या पायांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "घरात सांगू नगंस. पर थांबूबी नगंस."

आणखी दोन महिन्यांनी त्यांनी स्वतः टांग टाकली. मी म्होरकी धरून पुढं चालत होते. पुलाच्या पुढं ते म्हणाले, "सोड गं." मी सोडली. आबांचे हात म्हातारे, थरथरते. त्यांना लगाम ओढणं जमायचंच नाही आणि तेच घोडीला हवं होतं. ती त्यांना घेऊन उसाच्या भिंतीआड गेली. चारही टापा मला शेवटपर्यंत ऐकू आल्या. अर्ध्या तासानं ते परत आले तेव्हा त्यांच्या टोपीवर उसाचा तुरा अडकलेला होता, आणि ते मला उसाबद्दल सांगत सुटले. खालच्या तुकड्याला पाणी कमी पडलंय, बांधाला घुशी लागल्यात, वरच्या अंगाला रंग चांगला हाय. पाठीचं नावही काढलं नाही.

पुढचं वर्षभर ते रोज गेले. तो काळ आमच्या घरातला चांगला काळ होता, असं मी आज म्हणते. तेव्हा मला तेवढंच पुरलं नाही.

ऊसतोडीच्या दिवसांत कालव्याच्या रस्त्यानं ट्रॅक्टरची ये-जा असते. कुणीतरी आबांचा घोडीवरचा व्हिडिओ काढला आणि तो फिरला. भवानीनगरकडचे घोड्यांचे शौकीन चार-पाचजण बघायला आले. माझे मालक साखर कारखान्यात नोकरीला, त्या दिवशी घरीच होते. त्यांना घोडीची हौस होती, अधूनमधून ते बसायचेही, पण चाल कशी आली याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. एवढं मात्र त्यांना ठाऊक होतं, की सकाळी मी घोडी फिरवते.

पाहुण्यांतल्या एकानं विचारलं, "चाल कुणी बसवली हो?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते.

"घरीच बसवली," मालक म्हणाले. "मीच."

मी आबांकडं बघितलं. आबांनी नजर कपात घातली आणि चहाचा घोट घेतला. मालकांचं मला तेवढं लागलं नाही. चार माणसांत बायकोचं नाव घ्यायची त्यांना लाज वाटली असेल. आबांचं लागलं. तुझ्याचमुळं मी ऊस बघतो, असं मला ते एकटीला कितीदा म्हणाले होते. त्या दिवशी चौघांसमोर म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?

त्याच बैठकीत ठरलं, की इंदापूर तालुक्यातल्या एका जत्रेत चालीची स्पर्धा आहे, तिथं घोडी न्यायची. आबा म्हणाले, "कशाला?" पण फार जोर लावला नाही.

दोन दिवस मालकांनी कालव्यावर सराव केला. रस्ता रिकामा, घोडीच्या पायाखालचा, त्यांना ओढायची गरजच पडली नाही. ती त्यांच्याखालीही सुरेख चालली. त्यांना वाटलं, ह्यात काय आहे.

जायच्या दिवशी सकाळी पिकअप आली. घोडी चढवायच्या आधी मालक गोठ्यात आले आणि खुंटीवरची दातेरी कडी काढून लगामाला लावायला लागले. मी शेण भरत होते. "तितं गर्दी आसती, हलगी आसती," ते आपणहूनच म्हणाले. "हातात राह्यली पायजे."

मी पुढची पाटी भरायला घेतली.

कडी बसवून झाली. मग ते वळले आणि त्यांनी मला विचारलं. अगदी मनापासून विचारलं, मला तो आवाज अजून आठवतो. "अगं, तुला तिचं समदं म्हायती. काय सांगायचं हाय का?"

एक वाक्य होतं. ओढू नका, मोडायला लागली की सोडा. तोंडात आलं होतं. ती कडी काढा, हे दुसरं वाक्य. दोन्ही म्हणायला किती वेळ लागला असता?

"न्हाय," मी म्हणाले. "तुमीच तर बसवलीय."

ते जरा थांबले. मग घोडी घेऊन बाहेर गेले.

त्या वेळी मला काय हवं होतं हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय. घोडीला लागावं असं नव्हतंच. मला एवढंच हवं होतं, की चार माणसांत चाल मोडावी आणि घरी येऊन त्यांनी मला विचारावं, असं का झालं? आणि आबांनी ते ऐकावं. एवढ्या बारक्या गोष्टीसाठी मी गप्प बसले.

मी आणि आबा घरीच होतो. दुपारी एका नातलगानं फोनवर व्हिडिओ पाठवला. मी तो ओट्यावर आबांच्या शेजारी बसून पाहिला. पहिल्या दोन फेऱ्या पाहण्यासारख्या होत्या. माणसं शिट्ट्या मारत होती, मालक ताठ बसले होते, फेट्याचा शेमलासुद्धा हलत नव्हता. तिसऱ्या फेरीला हलगी वाजवणारे मैदानाभोवतीच्या दोरीच्या अगदी जवळ आले. घोडीचे कान मागं गेले. चाल एवढीशी मोडली, अर्ध्या पावलाएवढी. सैल सोडलं असतं तर पुढच्या पावलाला लागली असती. मालकांनी ओढलं. तिनं मान वर फेकली. त्यांनी आणखी ओढलं. मग ती उधळली, दोरी तोडून गर्दीच्या बाजूला गेली आणि पुढचा उजवा पाय चरात गेला. मालक एका अंगावर पडले. घोडी उठायची धडपड करताना व्हिडिओ संपला.

आबांनी फोन माझ्या हातातून घेतला, पुन्हा पाहिला, आणि परत दिला. "कडी कुठली हुती तोंडात?" त्यांनी विचारलं.

"दिसली न्हाय," मी म्हणाले. त्या दिवसातलं हे माझं दुसरं खोटं.

मालकांना खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं. घोडीची जीभ फाटली होती आणि पायाची शीर दुखावली होती. जनावरांचे डॉक्टर तीन महिने येत राहिले. मी शेक दिला, पट्ट्या बांधल्या, मऊ केलेला भुस्सा हातानं चारला. मालकही करायचे. ते घोडीसमोर गेले की ती गव्हाणीच्या कोपऱ्यात सरकायची, ते त्यांच्या जिव्हारी लागायचं. कडी त्यांनी स्वतःच कालव्यात नेऊन टाकली. माझ्याजवळ घोडी सरकायची नाही. ते मला जास्त जड जायचं.

पाय बरा झाला. चाल आली नाही. पाठीवर वजन आलं की तिचं सगळं अंग आवळायचं आणि ती दुडकीत पडायची. आबा एकदा बसले. चाळीस-पन्नास पावलं गेली असतील. मी शेजारून पळत होते आणि हुंकार देत होते. आबांनी खोगिराचा पुढचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता, कपाळावर घाम फुटला होता. "उतरव मला," म्हणाले. उतरवल्यावर बराच वेळ बांधावर बसून राहिले. पुन्हा कधी बसले नाहीत.

मी वर्षभर प्रयत्न केला. वाळूची पोती, म्होरकी, सगळं पहिल्यापासून. मग अण्णांना बोलावलं. अण्णांनी तिचा पाय वरपासून खालपर्यंत चाचपला, तोंड उघडून जीभ पाहिली.

"पाय बरा हाय," म्हणाले. "भ्या आत बसलंय. पहिल्यांदा जातं, दुसऱ्यांदा जात न्हाय. कुनी ओढलं?"

"मालकांनी. स्पर्धेत."

"त्यास्नी सांगितलं न्हवतंस व्हय, ओढायचं न्हाय म्हनून?"

मी चहा टाकते म्हणून आत गेले. अण्णांनी पुन्हा विचारलं नाही. जाताना एस.टी.त चढता चढता फक्त माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलं की त्यांना कळलंय.

आबांची दुनिया ओट्याएवढी झाली. मालक त्यांना मधूनमधून शेजाऱ्याच्या गाडीतून पुलापर्यंत न्यायचे. तिथून उसाचा नुसता शेंडा दिसायचा. संध्याकाळी मी शेतातून आले की आबा विचारायचे, "खालच्या तुकड्याला पानी पोचलं का? बांध बगितला का?" मी सगळं सांगायचे, एकही सरी न गाळता. ते ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "तू सांगतीस ते खरं. पर मला ते दिसत न्हाय गं." रागावून नाही म्हणाले. नुसतं म्हणाले.

तेव्हा सांगता आलं असतं. त्यांचे पाय चेपताना, गोळ्या देताना, ओट्यावर शेंगा फोडत बसल्यावर. दोन वर्षांत अशा शेकडो दुपारी होत्या. रोज वाटायचं, आज सांगू. मग ते घोडीकडं बघून म्हणायचे, "नशिबात तेवढंच हुतं तिच्या," आणि मी पुढची शेंग फोडायला घ्यायचे. आपल्या सुनेनं जाणूनबुजून तोंड मिटलं, हे कळण्यापेक्षा नशीब बरं, अशी मी माझी समजूत घातली. ती समजूत माझ्या सोयीची होती. आबा दुसऱ्या वर्षीच्या थंडीत गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले.

मालकांना मी गेल्या वर्षी सांगितलं. आम्ही दोघं ठिबकच्या नळ्या गोळा करत होतो. काही निमित्त नव्हतं. मी म्हणाले, "जत्रेच्या दिवशी तुमी विचारलं तेव्हा मला सांगायचं हुतं. मुद्दाम सांगितलं न्हाय."

ते नळीचं वेटोळं घालता घालता थांबले. कुठला दिवस, हे त्यांना आठवायला वेळ लागला. मग हसले. "अगं, माझा हातच जड हुता. तू सांगितलं आसतं तरी मी ओढलंच आसतं. आन मी तरी काय शाना, मीच बसवली म्हनून सांगत सुटलो." वेटोळं खांद्यावर टाकून ते पुढं गेले. थोडं जाऊन वळले आणि म्हणाले, "एवढी वर्सं हे घिऊन बसलीस व्हय?"

कदाचित ते म्हणतात ते खरंही असेल. सांगूनही त्यांनी ओढलं असतं. पण निदान ती कडी खुंटीवर राहिली असती, आणि आबांनी विचारल्यावर मला "दिसली न्हाय" म्हणावं लागलं नसतं. मालकांनी मला माफ केलं आणि त्यासाठी त्यांना काहीच मोठेपणा करावा लागला नाही. त्यांचं त्यात गेलंच काय होतं? ज्यांचं गेलं त्यांना मी सांगितलं नाही.

घोडी अजून आहे. तिच्यावर आता कुणी बसत नाही. सकाळच्या धारा झाल्या की मी तिला मोकळीच कालव्याच्या रस्त्याला सोडते आणि मागून चालते. पाठीवर काही नसलं की ती कधीमधी दहा-बारा पावलं रवालमध्ये जाते. चारही टापा वेगवेगळ्या ऐकू येतात. मी तिला हाक मारत नाही, हुंकारही देत नाही. ती थांबेल तिथं मीही थांबते.